वाळवणाला वारा हवा



घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले म्हणजे चादरींचा हिशेब किती वाढतो, हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. रात्रीतून दोनदा चादर बदलावी लागते, दुपारी एकदा, आणि कधी तिच्याखालची गोधडीसुद्धा. धुण्याचे काम यंत्रावर भागते. खरी अडचण येते ती वाळवण्याची. चैत्र-वैशाखात आमच्या जतला गच्चीवर टाकलेली सुती चादर पाहता पाहता कडकडीत वाळते. परंतु भाद्रपदात आभाळ भरून आले की तीच चादर दोन दोन दिवस ओलसर राहते. शिवाय वयोवृद्ध माणसांनी ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढावा कसा, हाही प्रश्न आहेच. त्यामुळे तालुक्याच्या गावांतही आता लाँड्रीत कपडे वाळवण्याची मोठी यंत्रे आली आहेत. दवाखान्याच्या, लॉजच्या आणि मंगल कार्यालयाच्या कपड्यांबरोबर आपल्या घरच्या रुग्णाच्या चादरीही तेथे जाऊ लागल्या आहेत.

या यंत्राला जी हवा लागते, तिच्याविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे. विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. परंतु त्या हवेवर दोन माणसांचे आरोग्य अवलंबून असते. एक त्या चादरीवर निजणारे आणि दुसरे ती चादर वाळवून, घडी घालून देणारे. पुष्कळदा ही दोन्ही माणसे वृद्धच असतात.

माझ्या बोलण्याला आधार इतकाच, की इचलकरंजीच्या एका कापड प्रक्रिया कारखान्यात मी ३१ वर्षे वाळवण खात्यात काम केले. ओले कापड एका बाजूने आत जायचे आणि कोरडे दुसऱ्या बाजूने बाहेर यायचे. त्या दोहोंच्या मधली वाफ कोठे जाते यावर लक्ष ठेवणे, हाच माझ्या नोकरीचा बराचसा भाग होता. निवृत्तीनंतर जतला, मूळ गावी परतलो. चार वर्षांपूर्वी पत्नीला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. तेव्हापासून वाळवण खाते पुन्हा एकदा माझ्याकडे आले आहे, फक्त कापडाऐवजी चादरींचे.

बेदाण्याच्या शेडकडे पाहा

कपडे वाळतात म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यायला आमच्या तालुक्यात पुस्तक उघडावे लागत नाही. संख, उमदी या बाजूला फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास गेलात, तर माळावर बेदाण्याच्या शेड भरलेल्या दिसतील. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात. त्यामुळे सालीवरचे मेणासारखे आवरण सैल होते आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. मग ते घड जाळीच्या एकावर एक थरांवर पसरतात. वर छप्पर असते. बाजूंना असलीच तर हिरवी जाळी. भट्टी नाही, विस्तव नाही, थेट ऊनसुद्धा नाही. तरीही दोन-तीन आठवड्यांत साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उरलेले तीन किलो पाणी सावलीतून वाहणाऱ्या कोरड्या वाऱ्याने उचलून नेलेले असते.

या शेडच्या बाजू कोणी भिंती घालून बंद करील काय? आमचा कोणताही बागायतदार अशी सूचना ऐकून हसेल. चार दिवस वारा पडला आणि हवा दमट झाली, तरी त्याच्या जिवाला घोर लागतो, कारण बेदाणा काळा पडतो आणि भाव जातो. त्याला पक्के ठाऊक असते की उष्णतेने पाण्याची वाफ होते खरी, परंतु ती वाफ तेथून हलली नाही तर वाळवण पुढे सरकत नाही. वाफ उचलून नेण्याचे काम वाऱ्याचे. एक हवा ओलावा घेऊन निघून गेली पाहिजे आणि तिच्या जागी दुसरी कोरडी हवा आली पाहिजे.

लाँड्रीतील यंत्र, ज्याला त्या धंद्यात टंबलर म्हणतात, हेच काम एका फिरत्या पिंपात करते. पिंपात गरम हवा येते, कपड्यांतून फिरते, ओलावा घेते आणि मागच्या ब्लोअरने डक्टमधून बाहेर फेकली जाते. बेदाण्याच्या शेडमध्ये वारा आपण होऊन येतो. येथे तो यंत्र ओढून घेते. तो ओढायचा कोठून, याचा विचार मात्र यंत्र विकत घेताना बहुधा कोणी करत नाही.

एका खेपेचा हिशेब

थोडा हिशेब मांडतो. २५ किलो सुती कपडे धुऊन हायड्रोमध्ये पिळून काढले, तरी त्यांच्यात साधारणपणे त्यांच्या वजनाच्या निम्मे, म्हणजे बारा लिटरच्या आसपास पाणी उरते. एक भरलेली घागरच म्हणा. टँकरची वाट पाहिलेल्या आमच्या जतकरांना घागरीचे वजन वेगळे सांगायला नको. टंबलरच्या प्रत्येक खेपेला एक घागर पाणी वाफ होऊन हवेत जाते. ती वाफ खोलीबाहेर गेली तर ठीक. न गेली तर भिंतींवर, छतावर, विजेच्या बोर्डावर आणि पुन्हा त्याच कपड्यांवर बसते.

हे पाणी वाहून नेण्यासाठी मध्यम आकाराचा टंबलर मिनिटाला सुमारे ६०० ते १,००० घनफूट हवा बाहेर टाकतो. नेमका आकडा त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला असतो. आता बारा फूट रुंद, पंधरा फूट लांब आणि दहा फूट उंच असा गाळा डोळ्यांसमोर आणा. त्यात सगळी मिळून १,८०० घनफूट हवा मावते. मिनिटाला ७०० घनफूट हवा फेकणारे यंत्र त्या गाळ्यातील सर्व हवा अडीच मिनिटांत बाहेर काढू पाहते. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी आत आली पाहिजे, हा निसर्गाचा नियम. तिच्यासाठी वाट ठेवली नसेल, तर ती दाराच्या फटीतून, मोरीच्या नळीतून, नाहीतर शेजारच्या धुराड्यातून उलटी आत येते.

यंत्र गॅसवर चालणारे असेल तर गरज आणखी वाढते. एक किलो गॅस पूर्णपणे जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. हवा कमी पडली म्हणजे ज्योतीचा निळा रंग जाऊन ती पिवळी, लांबट आणि काजळी धरणारी होते. अशा अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि नाका-डोळ्यांची चुरचुरही नाही.

एका लाँड्रीची गोष्ट

गेल्या पौषातली गोष्ट. पत्नीच्या चादरी मी गावातल्याच एका लहान लाँड्रीत देत असे. चालवणारा मुलगा तिशीतला, कष्टाळू आणि वेळेचा पक्का. चादरी घरी येत तेव्हा चांगल्या ऊबदार असत. एके दिवशी पत्नीची देखभाल करणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "अण्णा, चादर वरनं गरम हाय, पर आतनं गार लागतीया." घडी उलगडून पाहिली. काठाची दुमडलेली शिवण आणि मधल्या घड्या खरोखरच दमट होत्या. त्याच आठवड्यात पत्नीच्या माकडहाडापाशी लाली दिसू लागली होती. सतत पडून राहणाऱ्या माणसाच्या त्वचेला दाबाच्या जोडीला ओलही मिळाली, की शय्याव्रण व्हायला वेळ लागत नाही. मी लाँड्रीची वाट धरली.

दुकानाचे दार ओढताना जड लागले आणि उघडताच माझ्या पाठीमागून वारा आत धावला. एवढ्यावरून अर्धी गोष्ट मला कळली. रस्त्याचे काम चालू असल्यामुळे पुढचे दार घट्ट लावलेले होते, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी मारली होती आणि मागच्या भिंतीतली जुनी खिडकी विटांनी बुजवलेली होती. टंबलरचा डक्ट व्यवस्थित बाहेर काढला होता. परंतु आत हवा यायला एक वीतभरही जागा नव्हती. त्याच खोलीत धुण्याचे पाणी तापवण्यासाठी गॅसवरचा मोठा बंब होता आणि त्याचे धुराडे छतातून वर गेले होते.

मुलाचे वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, कोपऱ्यात स्टुलावर बसून चादरींच्या घड्या घालत होते. वय ७२. डोक्याला टॉवेल गच्च बांधलेला. "काय आप्पा, बरं नाही का?" असे विचारल्यावर म्हणाले, "रोज दुपारनंतर डोकं धरतंय बघा. मळमळतंय. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवून दिलीया. रविवारी कसं बरं वाटतंय, सोमवारी परत त्येच."

रविवारी दुकान बंद असते. त्या एका शब्दाने माझ्या मनात जी शंका आली, ती मी त्या मुलाला लगेच सांगितली. प्रथम आप्पांना बाहेर ओट्यावर बसवले, यंत्र आणि बंब बंद केले आणि दार सताड उघडले. खोलीत मोकळी हवा खेळल्यावर, गॅसचा वास नाही ना याची खात्री करून, मी एक उदबत्ती मागितली. दार उघडे असताना आणि टंबलर थांबलेला असताना बंबाच्या धुराड्याच्या बुडाशी ती धरली. धूर सरळ वर ओढला गेला. मग दार लावून टंबलर सुरू करायला सांगितला. काही क्षणांतच तोच धूर मागे फिरून खोलीत पसरू लागला. ब्लोअरला हवा हवी होती. दुसरीकडून मिळत नव्हती, म्हणून तो ती बंबाच्या धुराड्यातून खाली ओढत होता. बंबाचा जळका वायू आकाशात जाण्याऐवजी आप्पांच्या स्टुलापाशी उतरत होता.

मुलाचा चेहरा उतरला. तरी त्याची अडचण खरी होती. "काका, दार उघडं ठेवलं की चादरीवर धूळ बसतीया. हॉस्पिटलवाले गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवतात. मी तरी काय करू?" धुळीचे कपडे परत येणे म्हणजे त्याच्या दृष्टीने हप्ता चुकणे. त्याला केवळ "खिडकी उघड" असे सांगून चालणार नव्हते.

आम्ही दोघांनी बसून उपाय काढला. बंब त्या खोलीतून हलवून मागच्या अंगणात उघड्या पत्र्याच्या आडोशाला नेला. बुजवलेली मागची खिडकी उघडायला घरमालकांची संमती हवी होती. ते आधी नाखूश होते. परंतु आप्पांची हकीकत ऐकल्यावर त्यांनी स्वतःच गवंडी बोलावला. खिडकी केवढी ठेवायची हा प्रश्न होता. अमेरिकेत गॅसजोडणीसाठी जी नियमावली आहे, तिच्यात व्यावसायिक ड्रायरसाठी ताशी प्रत्येक १,००० बीटीयू क्षमतेमागे किमान एक चौरस इंच मोकळी जागा सांगितलेली आहे. यंत्राच्या पाटीवर १,२०,००० बीटीयू लिहिले होते, म्हणजे १२० चौरस इंच. धातूच्या झडपांची पट्टी बसवली तर साधारण चौथा हिस्सा जागा त्या पट्ट्याच अडवतात. म्हणून १६० चौरस इंच धरले. तेरा इंच लांब आणि तेरा इंच रुंद एवढ्या झरोक्यात हे काम भागते. जुनी खिडकी त्याहून पुष्कळ मोठी होती, म्हणून तिच्यावर धूळ अडवणारी, धुता येणारी जाळी लावूनही पुरेशी हवा येणार होती. खिडकी मागच्या बाजूस, रस्त्याच्या धुळीपासून दूर. डक्टचे तोंड दुसऱ्या बाजूस, म्हणजे बाहेर टाकलेली दमट हवा पुन्हा आत ओढली जाणार नाही.

पुढे काय झाले ते सांगतो. पूर्वी एका खेपेला सत्तर मिनिटे लागत, ती आता पंचेचाळीसवर आली. गॅसची टाकी अधिक दिवस पुरू लागली. आप्पांनी डॉक्टरांना सगळी हकीकत सांगितली. काही आठवड्यांत डोकेदुखी थांबली आणि डॉक्टरांनी वाढवलेली गोळी पुन्हा पूर्ववत केली. पत्नीची लाली कुशी बदलण्याने आणि कोरड्या चादरीने उतरली. आप्पा अजून घड्या घालतात, मात्र खिडकीजवळ बसून.

वृद्धांच्या बाबतीत फसगत का होते

कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. प्राणवायूची जागा अडली की मेंदू आणि हृदय यांची उपासमार सुरू होते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, अशक्त वाटणे, छातीत धडधडणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे. वाचकहो, ही यादी पुन्हा एकदा वाचा. यातले कोणते लक्षण सत्तरीच्या माणसाच्या बाबतीत आपण सहज "वयामुळे" म्हणून सोडून देत नाही? रक्तदाब, साखर, पित्त, उपाशीपोटी घेतलेली गोळी अशी कारणे हाताशी तयारच असतात. ज्यांना आधीच हृदयविकार किंवा दमा आहे, त्यांना थोडा वायूही अधिक बाधतो.

म्हणून तीन खुणा ध्यानात ठेवाव्यात. विशिष्ट खोलीत किंवा दुकानात गेल्यावर त्रास होतो आणि मोकळ्या हवेत आले की बरे वाटते, ही पहिली. एकाच ठिकाणी वावरणाऱ्या दोघा-तिघांना एकाच वेळी सारखा त्रास होतो, ही दुसरी. तेथे गॅस, कोळसा किंवा लाकूड जळत असते, ही तिसरी.

आणखी एक गोष्ट, जी देखभाल करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. करोनाच्या साथीपासून अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. या वायूच्या विषबाधेत तो धोका देतो. साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू बसलेले आणि कार्बन मोनॉक्साइड बसलेले हिमोग्लोबिन वेगवेगळे ओळखता येत नाही. त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही पडद्यावर ९७-९८ आकडा दिसू शकतो. आकड्यावर विसंबू नका. माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा, शक्य असेल तर गॅस बंद करा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टरांना "बंद खोलीत गॅस जळत होता" हे वाक्य न विसरता सांगा. रक्ताच्या कोणत्या तपासणीची गरज आहे, हे त्यांना त्यावरून कळते.

सुताचा भुसा आणि मालिशचे तेल

हवा अडण्याचे आणखी एक कारण म्हणजे लिंट, म्हणजे कपड्यांतून निघणारा सुताचा बारीक भुसा. तो यंत्राच्या जाळीत आणि डक्टमध्ये साठतो. जाळी तुंबली की हवा कमी जाते, पिंप अधिक तापते आणि हाच भुसा कापसासारखा पेट घेतो. अमेरिकेतील अग्निशमन खात्याच्या नोंदींत घरगुती ड्रायरच्या आगींचे पहिले कारण यंत्र वेळेवर साफ न करणे हेच आढळले आहे. जाळी प्रत्येक खेपेनंतर झाडावी. डक्ट धातूचा, आखूड आणि शक्य तितका सरळ असावा. डक्टच्या बाहेरच्या तोंडावर बारीक जाळी लावू नये, कारण भुसा नेमका तेथेच अडकतो.

रुग्णाच्या घरी एक विशेष काळजी घ्यावी लागते. आपण अंगाला तेल चोळतो आणि ते चादरीत मुरते. करडई, जवस यांसारखी तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता देतात. तेलकट कापड यंत्रातून कढत बाहेर काढून त्याचा गठ्ठा बांधला, तर ती उष्णता आत कोंडते आणि काही तासांनी गठ्ठा आपोआप धुमसू शकतो. म्हणून तेलाच्या चादरी वेगळ्या ठेवाव्यात, गरम पाण्यात साबणाने नीट धुवाव्यात आणि उन्हातच वाळवाव्यात. लाँड्रीत द्यायच्याच असतील तर तसे सांगून द्याव्यात. यंत्रात शेवटी काही मिनिटे गार हवा फिरवण्याची सोय असते. घाई असली तरी ती वगळू नये.

रुग्णाच्या खोलीतले वाळवण

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९-६० च्या सुमारास लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात रुग्णाच्या हवेला सर्वांत पहिले स्थान दिले आहे. रुग्णाच्या खोलीत ओले टॉवेल वाळत घालू नयेत, कारण त्यांतील ओल रुग्णाच्याच श्वासात जाते, असे त्यांचे मत होते. आज दीडशेहून अधिक वर्षे उलटली, तरी पावसाळ्यात आपण पलंगाच्या दांडीवरच चादर पसरतो. पिळलेल्या पाच किलो कपड्यांतून दोन-अडीच लिटर पाणी खोलीच्या हवेत मिसळते. खिडक्या बंद असल्या की भिंतीला बुरशी येते आणि दम्याच्या माणसाची रात्र खोकण्यात जाते. घरात वाळवायचेच असेल तर रुग्णाची खोली सोडून दुसऱ्या खोलीत, समोरासमोरच्या खिडक्या उघडून, पंखा लावून वाळवावे.

घरगुती ड्रायर असेल आणि त्याला हवा बाहेर सोडणारी नळी असेल, तर ती खिडकीबाहेर काढावी आणि खोलीत दुसरीकडून हवा यायला फट ठेवावी. न्हाणीघरातील गॅसच्या गीझरलाही हाच नियम लागू आहे. तो शक्यतो न्हाणीघराबाहेर बसवावा. तसे नसेल तर झरोका उघडा असल्याशिवाय पेटवू नये. माघातल्या थंडीत म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी कोळशाची शेगडी ठेवून दार लावण्याची जी पद्धत आहे, तीही त्याच कारणाने सोडून द्यावी.

लाँड्रीवाल्याला काय विचारावे

आपले कपडे जेथे वाळतात ते ठिकाण एकदा पाहून या. भांडायला नव्हे, चार प्रश्न विचारायला.

१. टंबलरची हवा बाहेर जाते, तशी आत कोठून येते? यंत्र चालू असताना दार उघडायला जड जात असेल किंवा आपटत असेल, तर हवेची वाट अपुरी आहे.

२. त्याच खोलीत गॅसचा बंब, गीझर किंवा शेगडी आहे का? तिचे धुराडे उलटे ओढत नाही ना?

३. ज्योत निळी आहे की पिवळी? यंत्राजवळ काजळीचे डाग आहेत का?

४. जाळी आणि डक्ट शेवटचे कधी साफ केले? कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटी बसवली आहे का?

आणि घरी आलेल्या चादरीची परीक्षा आपण स्वतः करावी. गरम कापड हाताला कोरडेच वाटते. ते पूर्ण निवू द्यावे, मग काठाची शिवण आणि मधली घडी गालाला लावून पाहावी. दमट लागली तर चादर पुन्हा वाळवावी आणि ज्याने ती वाळवली त्याची एकदा चौकशी करावी. दमट चादर ही पुष्कळदा त्या बंद खोलीची पहिली तक्रार असते.

आमच्या माळावर वाऱ्याने पवनचक्क्या फिरतात आणि बेदाणा सावलीत वाळतो. वाऱ्याची टंचाई जतला कधीच नव्हती. त्याला आत यायला भिंतीत हातभर जागा ठेवणे एवढेच आपल्याकडे आहे. या पंधरवड्यात चादरींचा गठ्ठा घेऊन जाल, तेव्हा तेथे घड्या घालत बसलेल्या माणसाला एवढे जरूर विचारा, "दुपारनंतर डोकं तर दुखत नाही ना?"